वाघाचा सात-बारा

आपल्या पत्रिकेत एरवी येणारे विषय ठरलेले आहेत. लागणीच्या तारखा, बेण्याची निवड, खोडव्याला द्यायची खते, उताऱ्याचा आकडा आणि तोडणीचा कार्यक्रम. त्यात वाघाचे काय काम, असे एखादा सभासद विचारील आणि त्याचे विचारणे गैर नाही. परंतु वाघ-बिबट्याचा विषय आता केवळ जंगलखात्यापुरता राहिलेला नाही. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक वाघ धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग अभयारण्यात येऊन ठेपला. त्याला कुणी आणले नव्हते, तो पायी आला. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाची एक वाघीण सरकारने सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीच्या डोंगरात आणून सोडली. सांगली, सातारा, कोल्हापूरचा ऊसपट्टा त्या डोंगराच्या पायथ्यापासून फार लांब नाही. आणि बिबट्या? तो तर आपल्या फडात केव्हाचाच बिऱ्हाड थाटून बसला आहे.

तेव्हा, सभासद बंधु-भगिनींनो, वाघाच्या शेजारी ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या मुलखाकडे एकदा नजर टाकावी, असे वाटले. तो मुलूख म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली. तेथील रानात माणसाचा गर्व कसा उतरला आणि जनावरांनी त्याला काय काय शिकवले, ते आपल्या बांधावरही उपयोगी पडणारे आहे.

झाडीपट्टी

पूर्वी हा सारा एकच चंद्रपूर जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याची वाटणी होऊन गडचिरोली वेगळा झाला. लोक या भागाला झाडीपट्टी म्हणतात. पीक मुख्यतः धानाचे. पाणी गावतळ्यांचे आणि मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावांचे. उन्हाळ्यात मोहफुले वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, बांबू काढायचा, आणि पावसाळ्यात धान लावायचे. गरिबाचा निम्मा प्रपंच रानावर चालतो.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झाले आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून पडले असे सांगतात. तारू वाघाशी झुंजताना मारला गेला, लोकांनी त्याला देव केले आणि तलावाच्या काठी त्याचे ठाणे मांडले. पौषात तेथे यात्रा भरत आली आहे. या कथेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वाघाने मारलेल्या माणसाची पूजा सुरू झाली, परंतु म्हणून रानातला वाघ संपवून टाकू, अशी आण कुणी घेतली नाही. वाघ राहणार आणि आपणही राहणार, हे त्या लोकांनी गृहीतच धरले होते. आपल्याकडे अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी बांधव वाघबारस करतात, त्यामागेही हीच समजूत आहे.

हिंडेल त्याचे रान

आपल्या जमिनीचा आधार म्हणजे सात-बारा. त्यावर नाव, गट नंबर, क्षेत्र, पीकपाणी. नाव एकदा लागले की मालक मुंबईला राहिला तरी जमीन त्याचीच. वाघाची नोंद कुठल्या दप्तरात नाही, तरी त्याची हद्द पक्की असते. तो झाडाच्या बुंध्यावर मुताची फवारणी करतो, नखांनी साल ओरबाडतो, वाटेवर माती उकरून ठेवतो. दुसरा वाघ आला की वासावरून त्याला कळते, येथे मालक आहे आणि तो नुकताच फिरून गेला आहे. बहुतेक वेळा पाहुणा तेथूनच वाट बदलतो. झुंजी होतात, त्यात वाघ मरतातही. पण बरेचसे तंटे वासावरच मिटतात, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मात्र खूण शिळी झाली की हक्क गेला. कुळकायद्यात कसेल त्याची जमीन, तसे वाघाच्या कायद्यात हिंडेल त्याचे रान.

आता हद्द केवढी? तर पोटापुरती. जेथे चितळ-सांबर मुबलक आहे तेथे वाघिणीला पंधरा-वीस चौरस किलोमीटर रान पुरते. रशियाच्या अतिपूर्वेकडील बर्फाळ मुलखात जनावर विरळ, म्हणून तेथील वाघिणीला चारशेच्या घरात लागते. शिकार साधली की वाघ तीच तीन-चार दिवस पुरवून खातो. शेजारून चितळांचा कळप गेला तरी भरल्या पोटी उगाच मारून ढीग घालीत नाही. बांध कोरून शेजाऱ्याचे दोन सरे आपल्यात ओढणारा आणि त्यापायी भावाशी वीस वर्षे न बोलणारा प्राणी दुसराच आहे. त्याचे नाव सांगायची गरज नाही.

पिल्ले दीड-दोन वर्षांची झाली की वाघीण त्यांना वाटणी देत नाही. आपापले रान शोधा, एवढाच तिचा निवाडा. मग तरणा नर निघतो. २०१९ साली टिपेश्वरच्या अशाच एका तरण्या वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला होता, त्यामुळे त्याची वाट कळली. यवतमाळ, तेलंगणातील आदिलाबाद, पुन्हा महाराष्ट्र आणि शेवटी बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य. काही महिन्यांत तेराशे किलोमीटरहून अधिक चाल झाली. कपाशीची शेते, कालवे, हमरस्ते, वस्त्या, सगळे ओलांडून तो गेला. तो बहुधा रात्री चाले आणि दिवसा ओढ्या-ओघळीत दबून राही. एवढ्या प्रवासात त्याने कुणाचा जीव घेतल्याची नोंद नाही.

आपण मात्र वाघ दिसला की म्हणतो, "वाघ गावात घुसला." घुसला कोण, हे एकदा नकाशा पुढे ठेवून पाहावे. चंद्रपुरात रानाखाली कोळसा आहे. कोळशाच्या खाणी, रस्ते, रेल्वे आणि एक मोठे औष्णिक वीज केंद्र तेथे उभे आहे. आपल्या विहिरीवरची मोटर ज्या विजेवर चालते, तिच्यात तिकडच्या कोळशाचाही वाटा आहे. म्हणजे वाघाच्या वाटेवर पाय आपलाही पडला आहे, आपण त्या मुलखात कधी गेलो नसलो तरी.

रानकुत्र्यांची सोसायटी

ताडोबाच्या रानात तांबूस रंगाचा, झुपकेदार काळ्या शेपटीचा रानकुत्रा आहे. काही भागांत त्याला कोळसून म्हणतात. जिवंत जनावराचे लचके तोडतो, म्हणून शिकारी लोकांनी त्याला दुष्ट ठरवले. इंग्रजी अमदानीत तो उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता आणि मारलेल्या रानकुत्र्यामागे सरकार बक्षीस देई. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत त्याच्यावर ही दृष्टी होती. आज साऱ्या जगात पिलावळ वाढवण्याजोगे रानकुत्रे दोन-सव्वादोन हजारांच्या आतच उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

ज्याला आपण दुष्ट म्हणून मारले त्याचे घर आतून कसे चालते, ते अभ्यासकांनी नंतर पाहिले. कळप शिकारीला जातो तेव्हा एखाद-दुसरा मोठा कुत्रा बिळापाशी पिल्लांच्या राखणीला थांबतो. शिकार करणारे परत येऊन पोटातले मांस ओकून पिल्लांना, ओल्या बाळंतिणीला आणि राखणदारालाही देतात. पिल्ले हिंडू लागली की शिकारीवर पहिला तोंड लावण्याचा मान त्यांचा, मोठे बाजूला थांबतात. सहकाराचे पोटनियम कुणी त्यांना छापून दिलेले नाहीत. दुबळ्याचा वाटा आधी काढावा आणि राखणदाराचा वाटा बुडवू नये, एवढ्यावर त्यांची संस्था पिढ्यान् पिढ्या चालली आहे. आपल्या सर्वसाधारण सभेत लाभांशावरून जे आवाज चढतात ते ऐकताना या कुत्र्यांची आठवण व्हावी.

गिधाडे गेली तेव्हा

रानकुत्रे आपण जाणूनबुजून मारले. गिधाडे मात्र न कळत मारली.

पूर्वी गावाबाहेर ढोर टाकले की आभाळातून गिधाडे उतरत आणि तासा-दोन तासांत हाडांचा सापळा उरे. दिसायला ओंगळ, म्हणून त्या पक्ष्याला कुणी मान दिला नाही. 'गिधाडासारखा' हा शब्द तर आपण शिवीसारखाच वापरला. १९९० नंतर ती भराभर दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक या प्रमाणात उरली. कारण सापडायला २००४ साल उजाडले. सुजलेल्या, लंगडणाऱ्या बैलाला, कासदाह झालेल्या गाईला आपण डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचत होतो. ते जनावर मेले की त्याचे मांस खाऊन गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर आभाळ रिकामे झाले होते.

मग मेलेली ढोरे कुजत पडली, पाणी नासले, मोकाट कुत्री माजली. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या वर्षांत देशात सालाला सुमारे एक लाख माणसे अधिक दगावली असावीत, असा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. फुकट काम करणारा हा झाडूवाला गेला, तेव्हा त्याचा पगार किती होता ते कळले.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात थोडी गिधाडे तग धरून राहिली. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातील पिंजोरच्या पैदास केंद्रातून दहा गिधाडे ताडोबात आणण्यात आली. पंधरा वर्षांत जे गेले ते दहा-दहाने परत आणायचे आहे. येथे आपल्या हातात एक गोष्ट आहे. जनावराला वेदनाशामक टोचताना डॉक्टरांना विचारावे, "साहेब, हे गिधाडाला चालते का?" मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही असे तपासणीत ठरले आहे आणि ते सर्वत्र मिळते.

हेमलकशाचे पिल्लू

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागड भागात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे तेथे कायमचे राहिले. रस्ता नाही, वीज नाही, आणि माडिया लोक परक्या माणसाला बुजणारे, असा तो काळ.

एके दिवशी रानवाटेने जाताना त्यांना शिकार करून परतणारी माडिया मंडळी भेटली. मारलेले माकड काठीला टांगलेले होते आणि त्या मेलेल्या आईला पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी मोबदला देऊन ते पिल्लू मागून घेतले. त्याचे नाव बबली ठेवले. माडियांना त्यांनी निरोप दिला की पोरके पिल्लू सापडले तर मारू नका, आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य घेऊन जा. मग एकामागून एक जनावरे येऊ लागली. बिबटे, अस्वले, तरस, साळिंदर, हरणे, मगरी, साप. त्यातून तेथील प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. या अनुभवांवर त्यांनी 'रानमित्र' हे पुस्तक लिहिले आहे. डॉक्टर दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या हकिगतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी माडियांना पापी ठरवले नाही. माडिया मारी तो भुकेपोटी. त्याच्या भुकेचा विचार केला, हाताला काम आणि पोटाला धान्य दिले, तेव्हा शिकार आपोआप कमी झाली. हौसेसाठी वाघ मारून त्यावर पाय ठेवून फोटो काढणारे राजेरजवाडे आणि साहेब लोक भुकेले नव्हते. रानाची लूट कुणी केली हा हिशेब मांडताना कमरेला लंगोटी असलेल्या माणसाला पहिल्या रांगेत उभे करू नये.

दुसरीही एक गोष्ट सांगून ठेवतो. हेमलकशाचे फोटो पाहून कुणी बिबट्याचे पिल्लू घरात आणू नये. ती जनावरे पोरकी होती, त्यांना सांभाळणारा माणूस त्यासाठी आयुष्य घालून बसला होता. शिवाय आज वन्यप्राणी घरी बाळगणे हा गुन्हा आहे.

झळ कुणाला

येथवर वाचून कुणाला वाटेल, लेखकाला वाघाचा फार पुळका आला आहे. तर झळ कुणाला बसते तेही मांडले पाहिजे.

२००६ साली महाराष्ट्रात वाघ मोजले तेव्हा सुमारे १०३ भरले. २०२२ च्या गणनेत ४४४ झाले आणि त्यांतले पुष्कळसे एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात. ही कौतुकाची गोष्ट खरी. पण त्याच २०२२ साली त्या जिल्ह्यात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत चाळीसच्या वर माणसे गेली. वडसा भागातून त्याच साली ऑक्टोबरात पकडलेल्या एका वाघाने गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर मिळून तेरा माणसे मारली होती. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या तडाख्यात सापडून मेल्या. मरणारा बहुधा गुराखी, मोहफुले वेचणारी म्हातारी, पत्ता तोडणारी सून. वाकून काम करणारे माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखे भासते, असे जाणकार सांगतात.

शहरातून जिप्सीत बसून वाघ पाहायला येणारा पाहुणा फोटो घेऊन परत जातो. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला तो सांगतो, वाघ वाचला पाहिजे. हाही गर्वाचाच एक प्रकार आहे. वाघ साऱ्या देशाचा, मग त्याची किंमत एकट्या झाडीपट्टीच्या गरिबाने का मोजावी? भरपाई मिळते, पण भरपाईने घरातली आई परत येत नाही. म्हणून तेथील माणसाला रानात जायची वेळ येऊ नये अशी चूल, गॅस, रोजगार देणे, आणि माणसावर चटावलेला वाघ वेळेत पकडणे, ही वाघ वाचवण्याचीच कामे आहेत. ती न करता नुसते प्रेम सांगण्यात अर्थ नाही.

तारेतली वीज

रागावलेला शेतकरी काय करतो? रानडुकरे एका रात्रीत धान झोपवतात, आपल्याकडे उसाचा फड झोपवतात. मग माणूस खांबावर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. डुकरासाठी सोडलेली वीज डूक्कर ओळखत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड तालुक्यात 'श्रीनिवास' नावाचा वाघ अशाच तारेला चिकटून मेला. प्रसिद्ध 'जय' वाघाचा तो बछडा. गळ्यातला रेडिओ पट्टा आधी सापडला, वाघ नंतर. शेतकऱ्याला अटक झाली.

वाघ मेला की पेपरात येते. त्याच तारेला चिकटून पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी मरतो, सालगडी मरतो, कधी लावणारा स्वतःच मरतो, त्याची बातमी कोपऱ्यात येते. ज्या बांधावर उद्या आपलेच पोर अनवाणी जाणार आहे, त्या बांधावर वीज सोडण्याचे धाडस कुठून येते? मी मालक, मला सगळे ठाऊक, या घमेंडीतून येते. झटका देऊन हुसकावणारे पण जीव न घेणारे सौर कुंपण मिळते. वनालगतच्या गावांसाठी त्याला वनखात्याच्या योजनेतून मदतही होते. सौर कुंपण आणि आकड्याची वीज या दोन गोष्टींत औषध आणि विषाइतके अंतर आहे.

फडातला बिबट्या

आता आपल्या दाराशी येऊ. ऊस हे बिबट्याला रानच वाटते. दाट, गार, पाण्याजवळ आणि दहा-बारा महिने उभे. जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड या भागांत त्याच्या कित्येक पिढ्या फडातच जन्मल्या. त्यांनी जंगल पाहिलेलेही नसेल. माणसे, लहान लेकरे दगावली, घराघरांत भीती बसली. त्या भीतीला कुणी हसू नये.

परंतु जुन्नरला पूर्वी काय झाले ते ऐकावे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात शंभराच्या आसपास बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलांत सोडले. लोकांना वाटले, ब्याद गेली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच्या वर्षांत माणसांवर सालाला सरासरी चार हल्ले होत, ही उचल-सोड सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. जेथे बिबटे सोडले त्या भागातही हल्ले वाढले. कारण साधे आहे. परक्या रानात टाकलेल्या जनावराला पाणवठा ठाऊक नाही, भक्ष्य ठाऊक नाही, माणसाच्या ये-जा करण्याच्या वेळा ठाऊक नाहीत. ते बावरते, भटकते किंवा घराकडे परत निघते. आणि येथे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो. हिंडेल त्याचे रान, हा कायदा त्यालाही लागू आहे.

टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या २००९ साली पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. त्याला 'आजोबा' म्हणत, त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. त्याच्या मनात कुठे जायचे होते ते आपल्याला कुणी सांगू शकले नव्हते. सह्याद्रीत वाघीण आणली ती नको म्हणून उचलून टाकलेली नाही. रान, भक्ष्य आणि जागा आहे का हे आधी पाहून आणली. हा फरक ध्यानात ठेवावा.

तोडणीच्या हंगामात नेहमी घडणारा प्रसंग घ्या. फड निम्मा तुटला आहे आणि मुकादम धावत येतो.

"आण्णा, सऱ्यांत पिल्लं घावलीत. दोन हायेत. मांजराच्या पिल्लांवानी."

"कुणी हात लावला का?"

"पोरांनी उचलून घेतली व्हती, फोटू काढाया."

"ठेवा म्हणावं जिथली तिथं. कोयते थांबव, टोळी लांब ने. जंगलाच्या माणसाला फोन लाव."

असा आण्णा ज्या फडावर असेल तेथे कुणाला इजा होत नाही. वनखात्याची माणसे येऊन पिल्ले तपासतात, संध्याकाळी जेथे सापडली तेथेच खोक्यात ठेवतात आणि लांब होतात. अंधार पडला की आई येते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते. जुन्नरकडे अशी कित्येक पिल्ले आईकडे परत गेली आहेत. ती हरवली तर चवताळलेली मादी रात्रभर वस्त्यांभोवती फिरते, आणि त्याच फडाकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. त्यांची लेकरे जमिनीवर निजलेली असतात.

आपल्याकडून एवढे व्हावे

पिल्ले सापडली तर तोडणी तेथे एक दिवस थांबवावी. चिटबॉयला सांगून टोळी दुसऱ्या फडावर वळवता येते, एका दिवसाने उतारा बुडत नाही. कोप्यांची जागा उसाच्या कडेला न देता मोकळ्या माळावर, दिवाबत्तीखाली द्यावी. लेकरांना अंधारात एकटे परसाकडे पाठवू नये. शेळ्या-करडांना बंद गोठा करावा. कोंबडीची आतडी, मेलेली ढोरे गावकडेला टाकू नयेत. त्यांवर कुत्री पोसतात, आणि अकोल्याच्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. उंदरांच्या नावाने ओरडणाऱ्यांनी धामण आणि घुबड मारू नये. रात्रपाळीचे ते दोन गडी आहेत, त्यांना हजेरी द्यावी लागत नाही.

धाराशिवचा वाघ काय किंवा चांदोलीची वाघीण काय, त्यांच्या हद्दीचा उतारा आपल्याला तलाठ्याकडे मिळणार नाही. ओढ्याच्या ओल्या वाळूत, पाणंदीच्या फुफाट्यात तळहाताएवढा पंजा उमटलेला दिसेल, तोच त्यांचा सात-बारा. तो दिसला तर पायाने पुसू नये, त्याच्याभोवती गर्दी करू नये. ठशावर एखादी पाटी पालथी घालून ठेवावी आणि वनरक्षकाला कळवावे. संध्याकाळच्या पाण्याची पाळी असेल तर त्या दिवशी दोघांनी मिळून जावे, बोलत जावे, हातात बॅटरी असावी.